गेम शोच्या सूत्रसंचालनासाठी शाळेची नोकरी सोडावी का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मिरजेजवळच्या एका शाळेत सहा वर्षे शिकवणाऱ्या, २९ वर्षांच्या एक शिक्षिका सुट्टीच्या दिवशी गणेशोत्सवात, संक्रांतीच्या हळदीकुंकवात आणि पतसंस्थांच्या महिला मेळाव्यांत ‘खेळ पैठणीचा’ घेतात. एका वाहिनीने गावोगावी फिरणाऱ्या खेळाच्या २६ भागांसाठी त्यांना विचारले असून, महिन्याभरात नोकरी सोडून मोकळ्या व्हा, असेही सांगितले आहे. आदेश बांदेकरांसारखी कारकीर्द या व्यवसायात आजही घडते का आणि त्यासाठी नोकरी सोडावी का, असे त्या विचारत आहेत.

मी पहिली नऊ वर्षे रंगमंचावर निवेदन केले आणि त्यानंतरची सतरा वर्षे अशाच खेळांच्या कार्यक्रमांत आधी सहायक दिग्दर्शक आणि मग दिग्दर्शक म्हणून काढली. त्यामुळे पुढे जे लिहितो आहे ते बहुतेक पॅनलवर बसून, म्हणजे निवेदकाच्या कानात बोलणाऱ्या माणसाच्या जागेवरून दिसलेले आहे. तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत अडकले आहेत, असे मला वाटते. हे काम तुम्हाला जमेल का, हा एक. आणि हे काम तुम्हाला पोसेल का, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर तुमच्या कार्यक्रमांना येणाऱ्या बायका माझ्यापेक्षा चांगले देतील. दुसऱ्याचे उत्तर या व्यवसायाच्या एका विचित्र गुणधर्मावर अवलंबून आहे: चेहरा निवेदकाचा असतो, पण खेळ दुसऱ्याच्या मालकीचा असतो.

आधी गणित करू, कारण त्यातच तुमची निम्मी काळजी मिटते. अर्ध्या तासाचा भाग जाहिराती वगळता साधारण २२ मिनिटांचा असतो आणि त्याच्या चित्रीकरणासाठी कोणीही अख्खा दिवस देत नाही. कॅमेरे, दिवे, जनरेटर आणि माणसे यांचा खर्च शिफ्टवर चालतो, म्हणून एका गावात पोहोचलेले युनिट दिवसाला दोन किंवा तीन भाग उरकूनच निघते. या हिशेबाने २६ भागांना ९ ते १३ दिवस लागतात. प्रवास, प्रोमो आणि एखादा पावसात गेलेला दिवस धरला तरी हे सगळे तीन आठवड्यांत बसते. अमेरिकेतल्या ‘जेपर्डी’ या प्रश्नमंजूषेचे दिवसाला पाच भाग चित्रित होतात आणि वर्षाचे २३० भाग जेमतेम ४६ दिवसांत पुरे होतात. तेव्हा तीन आठवड्यांच्या कामासाठी सहा वर्षांची नोकरी सोडायला सांगणारा माणूस तुमच्याकडून वेळ मागत नसून तुमच्यावर हक्क मागत आहे, हे ओळखून त्याच्याशी बोला. बिनपगारी रजा मिळते का, दिवाळीच्या किंवा उन्हाळ्याच्या सुट्टीत चित्रीकरण लावता येते का, हे अजून कोणी विचारलेलेच दिसत नाही. शाळा अनुदानित असेल तर बाहेरच्या मानधनाच्या कामासाठी संस्थेची लेखी परवानगी घ्यावी लागेल. विनाअनुदानित असेल तर सगळे तुमच्या मुख्याध्यापकांच्या स्वभावावर आहे आणि तो मला माहीत नाही.

आता बांदेकरांविषयी. त्यांचे उदाहरण सगळेच देतात, परंतु त्यातला नेमका कोणता भाग घ्यायचा, हे फारसे कोणी पाहत नाही. ‘होम मिनिस्टर’ सप्टेंबर २००४ मध्ये सुरू झाले तेव्हा वाहिनीचे नाव अजून अल्फा मराठी होते. ती झी मराठी झाली २००५ मध्ये. त्याआधी दूरदर्शनवरच्या ‘ताक धिना धिन’ या गाण्यांच्या खेळाचे सूत्रसंचालन बांदेकरांनी केलेले होते, म्हणजे पहिल्या दाराशी उभे राहिले तेव्हा ते नवखे नव्हते. कार्यक्रम सप्टेंबर २०२२ पर्यंत, अठरा वर्षे चालला. या अठरा वर्षांतले खेळ आठवून पाहा: फुगे फोडणे, चेंडू टाकणे, असलेच काही. त्यांतला एकही खेळ कोणाच्या लक्षात नाही. लक्षात राहिले ते ‘वहिनी’ आणि ‘भावोजी’ हे दोन शब्द. संध्याकाळच्या वेळी एक परका पुरुष कॅमेरा घेऊन घरात शिरतो, सुनेला सासूसमोर प्रश्न विचारतो, नवऱ्याला चारचौघांत कामाला लावतो, हे एरवी कोणत्याही घराने खपवून घेतले नसते. भावोजी या नात्याने त्याला उंबरठ्याच्या आत जागा दिली आणि त्याच नात्याने त्याची मर्यादाही आखून दिली. भावोजीने थट्टा करावी, पण ती कुठवर, हे आपल्याकडे कोणाला शिकवावे लागत नाही. माझ्या मते ही या कार्यक्रमाची खरी करामत आहे आणि ती ज्याला पेलली त्याला अठरा वर्षे काम मिळाले. (२०२२ मध्ये ‘महामिनिस्टर’मध्ये ११ लाखांची पैठणी ठेवली गेली, तेव्हा मला थोडे वाईटच वाटले. येवल्याच्या साध्या पैठणीसाठी बायका ज्या हौसेने खेळत होत्या, ती हौस लाखांच्या आकड्याने वाढते असे मला वाटत नाही.)

या कारकिर्दीची दुसरी बाजूही पाहा. घराघरांत ओळख असलेल्या या माणसाने २००९ मध्ये माहीम मतदारसंघातून शिवसेनेकडून विधानसभा लढवली आणि तो हरला. घरात प्रेमाने चहा देणारा प्रेक्षक मतही देईलच असे नाही. निवेदकाची लोकप्रियता त्या कार्यक्रमाच्या चौकटीत असते आणि चौकटीबाहेर ती पुन्हा नव्याने कमवावी लागते. पुढे २०१७ मध्ये ते सिद्धिविनायक मंदिर न्यासाचे अध्यक्ष झाले, आणि बांदेकर कुटुंबाच्या सोहम प्रॉडक्शन्सची ‘ठरलं तर मग’ ही मालिका डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाली. ‘होम मिनिस्टर’ संपल्यावर तीन महिन्यांच्या आत दुसऱ्या वाहिनीवर त्यांच्याच घरची निर्मिती उभी होती. या व्यवसायात दीर्घकाळ टिकलेली माणसे कधी ना कधी पडद्यामागे मालकीची जागा शोधतात, आणि ती शोधण्याची वेळ कार्यक्रम जोरात चालू असतानाचीच असते.

मोठ्या स्वरूपाच्या खेळांत तर निवेदकाची खुर्ची आणखीच भाड्याची असते. ‘कौन बनेगा करोडपती’ जुलै २००० मध्ये सुरू झाले आणि अमिताभ बच्चन व तो कार्यक्रम यांना वेगळे करता येणार नाही असे आपल्याला वाटू लागले, तरी २००७ मध्ये त्या खुर्चीवर शाहरुख खान बसले आणि २०१० मध्ये बच्चन परत आले. मराठी अवतारात २०१३ मध्ये सचिन खेडेकर, २०१६ मध्ये स्वप्निल जोशी, २०१९ मध्ये नागराज मंजुळे आणि २०२१ मध्ये पुन्हा खेडेकर, असा क्रम झाला, वाहिन्याही बदलल्या. प्रश्न, संगीत, दिव्यांची उघडझाप, पैशांची शिडी हे सर्व मूळ परदेशी हक्कधारकाचे. अशा ठिकाणी वाहिन्या आधीच नाव असलेला नट किंवा दिग्दर्शक घेतात. सांगलीहून येणाऱ्या नव्या निवेदिकेला ते दार बंद आहे असे मी म्हणणार नाही, परंतु त्याच्यासमोर रांगेत उभे राहून तारुण्य घालवू नये, इतके नक्की म्हणेन.

माझ्या पिढीतल्या दिग्दर्शकांना या कामाचा आदर्श विचारला तर बरेच जण अ‍ॅलेक्स ट्रेबेक यांचे नाव घेतील. कॅनडातल्या सडबरी गावी १९४० मध्ये जन्मलेला हा माणूस तत्त्वज्ञानाची पदवी घेऊन १९६१ मध्ये तिथल्या सरकारी प्रसारण संस्थेत निवेदक म्हणून लागला. बातम्या, हवामान, खेळ, जे मिळेल ते त्याने वाचले आणि १९६६ पासून शाळकरी मुलांची प्रश्नमंजूषा घेतली. १९७३ मध्ये तो अमेरिकेत गेला. तिथला पहिला कार्यक्रम वर्षभरात बंद पडला, त्यानंतरचेही एकामागून एक बंद पडत गेले, आणि ‘जेपर्डी’ मिळाले १९८४ मध्ये, वयाच्या ४४ व्या वर्षी. तेथून २०२० पर्यंत त्याने आठ हजारांहून अधिक भाग केले. स्वादुपिंडाचा कर्करोग झाल्याचे त्याने मार्च २०१९ मध्ये प्रेक्षकांना स्वतः सांगितले आणि ८ नोव्हेंबर २०२० रोजी तो गेला, त्याच्या दहा दिवस आधीपर्यंत चित्रीकरण करत होता. आपल्याला कार्यक्रमाचा ‘स्टार’ म्हणून नव्हे, तर ‘होस्ट’ म्हणूनच प्रेक्षकांसमोर आणावे, असा त्याचा आग्रह होता. स्टार असायचे ते स्पर्धकांनी. चित्रीकरणाच्या सकाळी तो दिवसभराचे सगळे प्रश्न लेखकांबरोबर बसून वाचत असे आणि अवघड उच्चारांवर खुणा करून ठेवत असे. मी नव्या निवेदकांना फक्त ही एवढी सवय उचलायला सांगतो. स्पर्धक बाईचे आडनाव चुकीचे उच्चारणारा निवेदक पुढे कितीही गोड बोलला, तरी त्या घरापुरता तो संपलेला असतो.

काम नेमके कसे असते, याचा एक प्रसंग सांगतो. त्यात चूक माझी आहे. एका गावात शाळेच्या पटांगणावर रात्री चित्रीकरण चालू होते. जनरेटर एकदा बंद पडून गेला होता आणि तिसरा भाग उरकायचा होता. पन्नाशीच्या एक बाई खेळ जिंकून पैठणी हातात घेऊन उभ्या होत्या. निवेदकाने रीतीप्रमाणे विचारले, ‘काकू, पैठणी कोणाला दाखवणार पहिली?’ त्या बोलू लागल्या, आणि त्याच क्षणी मी पॅनलवरून त्याच्या कानात म्हणालो, ‘वीस सेकंद आहेत, गुंडाळ.’ बाई म्हणाल्या, ‘मुलीसाठी घेतली असती, ती मागच्या वर्षी गेली.’ त्याच्या कानात त्या वेळी माझा आवाज होता. त्याने हसत टाळी वाजवली आणि म्हणाला, ‘वा, वा, खूप छान!’ पटांगणावर एकदम शांतता झाली. पदराचा काठ बोटाला गुंडाळत त्या बाईंनी खाली पाहिले. तो भाग आम्ही संकलनात कापला, पण समोर बसलेल्या चारपाचशे माणसांच्या मनातून तो कसा कापणार? तेव्हापासून स्पर्धक बोलत असताना मी टॉकबॅकचे, म्हणजे निवेदकाच्या कानात बोलण्याचे, बटण दाबत नाही, वेळ गेला तर जाऊ देतो. तुम्हीही पहिल्याच दिवशी दिग्दर्शकाशी हे ठरवून घ्या. ‘वा, छान’ हे शब्द तर काही महिने पूर्ण बंद करून पाहा; ते नसले की समोरचा काय म्हणाला ते ऐकावेच लागते. उखाण्याचेही तसेच आहे. नाव घ्या म्हणण्याआधी त्या बाईला उखाणा घ्यायचा आहे का, हे कोणाकडून तरी हळूच विचारून घ्यावे. मंचावर ते कळण्याइतके वाईट काही नाही.

दुसरी गोष्ट निवाड्याची. खेळ कितीही पोरकट असो, तो खरा खेळला जातो आहे, यावर निवेदकाची पत टिकून असते. अमेरिकेत १९५६ मध्ये ‘ट्वेंटी-वन’ या प्रश्नमंजूषेत लोकांना आवडेल अशा तरुण प्राध्यापकाला, चार्ल्स व्हॅन डोरेनला, उत्तरे आधीच पुरवली गेली आणि त्याच्याविरुद्धच्या स्पर्धकाला हरायला लावले गेले. १९५९ मध्ये व्हॅन डोरेनने संसदीय समितीसमोर कबुली दिली आणि १९६० मध्ये अशी फसवणूक गुन्हा ठरवणारी कायद्याची दुरुस्ती झाली. कार्यक्रमाचा निवेदक आणि सहनिर्माता जॅक बॅरी हा त्यानंतर देशपातळीवरील वाहिनीवर टिकणाऱ्या नव्या खेळासह परतला तो १९७२ मध्ये. माझे प्रकरण त्यामानाने चिल्लर आहे. रंगमंचावरच्या दिवसांत एका मेळाव्यात लिंबू-चमच्याचा शेवटचा डाव चालू असताना आयोजकाने कानात सांगितले, ‘डावीकडच्या वहिनींना जिंकवा, प्रायोजकांच्या घरच्या आहेत.’ त्या वहिनींचे लिंबू पडलेले सर्वांनी पाहिले होते. मी त्यांना विजयी जाहीर केले. कोणी आरडाओरडा केला नाही, बायका फक्त उठून जाऊ लागल्या. पैठणी देण्याचा फोटो रिकाम्या खुर्च्यांसमोर निघाला. पुढच्या वर्षी त्या गावाने मला बोलावले नाही आणि त्यांचे बरोबर होते. तुमच्या कार्यक्रमात पंच कोण, गुण कोण मोजणार आणि वाद झाला तर शेवटचा शब्द कोणाचा, हे चित्रीकरणाआधी ठरलेले असावे; ते ठरलेले नसेल तर लोकांच्या नजरेत पंच तुम्हीच असता.

तुम्ही स्त्री आहात, ही गोष्ट वाहिनीच्या लोकांनी बहुधा केवळ ‘वेगळेपण’ म्हणून मोजली असेल, पण ती त्याहून मोठी आहे. भावोजीचे नाते आयते मिळाले होते. तुम्ही त्या घरात कोण? नणंद म्हटले की थट्टेला धार येते, जाऊ म्हटले की बरोबरी येते, बाई म्हटले की तुमच्याच शाळेतला धाक येतो. उसने रूप घेतले तर काय होते, हे आपण पाहिलेले आहे: २००१ मध्ये स्टार प्लसवर नीना गुप्ता यांच्यासारख्या समर्थ अभिनेत्रीला ब्रिटिश कार्यक्रमाच्या कडक, टोचून बोलणाऱ्या निवेदिकेच्या साच्यात बसवून ‘कमज़ोर कड़ी कौन’ आणले गेले आणि ते फार टिकले नाही. अपमान करणारी यजमानीण आपल्या प्रेक्षकाला रुचली नाही, असे माझे मत आहे. तुम्ही आत्ता मेळाव्यांत बायकांना कोणत्या नावाने हाक मारता आणि त्या तुम्हाला काय म्हणतात, ते आठवून लिहून काढा. तिथे आपोआप जमलेले नाते मुंबईच्या बैठकीत सुचवलेल्या नात्यापेक्षा जास्त टिकेल.

आता पैशांचे, कारण नोकरीचा निर्णय शेवटी त्यावरच होणार आहे. दूरचित्रवाणीचे मानधन बहुधा प्रसारणानंतर ९० दिवसांनी मिळते, त्यातूनही टीडीएस कापून. म्हणजे आज चित्रीकरण केलेत आणि भाग दोन महिन्यांनी दिसला, तर पहिला पैसा पाच महिन्यांनी हातात येतो. मला एका निर्मात्याने एकदा अकरा महिने थांबवले होते. त्या काळात घर चालले ते गणपती-नवरात्रातल्या सुपाऱ्यांवर, म्हणजे मानधन घेऊन केलेल्या कार्यक्रमांवर. मधल्या फळीतल्या जवळजवळ प्रत्येक निवेदकाचे असेच असते: पडद्यावरचा चेहरा भाव वाढवतो आणि रंगमंचावरच्या सुपाऱ्या घर चालवतात. म्हणून तुमच्या करारातले सर्वांत महत्त्वाचे कलम मानधनाचे नाही. ‘करारकाळात इतर कोणताही कार्यक्रम करता येणार नाही’ असे कलम त्यात असेल, आणि ते तसेच स्वीकारले तर शाळेचा पगारही गेला आणि मेळाव्यांचे उत्पन्नही गेले, अशी गत होईल. तिथे ‘दूरचित्रवाणीवर व डिजिटल माध्यमांत प्रसारित होणारा इतर कोणताही गेम शो’ एवढीच बंदी मान्य करा आणि रंगमंचावरचे, प्रसारित न होणारे कार्यक्रम वगळून घ्या. ही मागणी अवाजवी नाही. मी ती मान्य होताना अनेकदा पाहिली आहे. करार किती काळ बांधून ठेवतो, हेही पाहा. भाग २६ आणि बंधन दोन वर्षांचे, असा प्रकार नव्या माणसांबरोबर सर्रास होतो.

कार्यक्रम पुढे ढकलला गेला किंवा १३ भागांनंतर थांबवला गेला तर उरलेल्या भागांचे काय, हेही लेखी हवे. तसे झाल्यास त्याचा दोष स्वतःकडे घेऊ नका. टीआरपी, प्रायोजक आणि वाहिनीतले बदललेले साहेब यांपैकी काहीही त्याला पुरते. त्या काळात सांगली आकाशवाणीवर नैमित्तिक उद्घोषकांसाठी आवाजचाचणी निघते का, याकडेही लक्ष ठेवा. तिथे चेहरा नसल्यामुळे श्वास, विराम आणि उच्चार यांना लपायला जागा मिळत नाही, आणि ते काम नोकरी सांभाळून होते.

तुमच्या जागी मी असतो तर राजीनामा लिहिला नसता. सोमवारी वाहिनीच्या माणसाला ईमेलवर तीन गोष्टी विचारल्या असत्या: चित्रीकरणाचे दिवस किती आणि कोणत्या तारखांना, करारकाळ किती महिन्यांचा, आणि रंगमंचावरच्या कार्यक्रमांना मुभा आहे का. फोनवर मिळालेले उत्तर धरू नका. तारखा हातात आल्या की मगच मुख्याध्यापकांकडे रजेचा अर्ज घेऊन जा. करार आला तर नावे आणि रकमा झाकून कलमे इथे टाका, मी वाचून सांगतो.